प्रेरक नियंत्रण व अध्ययन

स्नायूंचे आकुंचन व शिथिलन योग्य क्रमाने, योग्य वेळी व योग्य प्रमाणात घडवून आणण्याच्या तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) कार्याला प्रेरक नियंत्रण म्हणतात. सरावामुळे या नियंत्रणात जी टिकाऊ सुधारणा होते तिला प्रेरक अध्ययन अशी संज्ञा आहे. लिहिणे, पोहणे, सायकल चालविणे, तबला वाजविणे ही कौशल्ये अशा अध्ययनाने प्राप्त होतात. मेंदूतील एक केंद्र आज्ञा देते व स्नायू ती पाळतात, ही समजूत अपुरी आहे. हे कार्य अनेक भागांत वाटलेले असून हालचालीच्या परिणामाचे आधी भाकीत करणे आणि चुकीवरून ते सुधारणे, हे त्याचे प्रमुख तत्त्व आहे.

नियंत्रणाचे स्तर : सर्वांत खालचा स्तर मेरुरज्जूचा होय. त्यातील प्रेरक तंत्रिका कोशिकांमार्फतच हातापायांच्या व धडाच्या स्नायूंना आवेग पोहोचतात. म्हणून चार्ल्स शेरिंग्टन यांनी त्यांना ‘अंतिम समाईक मार्ग’ म्हटले. मेरुरज्जू केवळ निरोप्या नाही. मेंदूशी संबंध तोडलेल्या मांजराच्या मेरुरज्जूतही चालण्याची लय निर्माण होऊ शकते, असे टी. ग्रॅहम ब्राउन यांनी 1911 मध्ये दाखविले. वरच्या स्तरावर प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) बाह्यकातील प्रेरक क्षेत्र आहे. गुस्टाफ फ्रिच व एडुआर्ट हिट्झिख यांनी 1870 मध्ये कुत्र्याच्या बाह्यकाला सौम्य विद्युत् प्रवाहाने उद्दीपित केले, तेव्हा विरुद्ध बाजूच्या अवयवांची हालचाल झाली. वाइल्डर पेनफील्ड व एडविन बोल्ड्री यांनी 1937 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जागृत असलेल्या रुग्णांवरील निरीक्षणांतून मानवी बाह्यकातील या क्षेत्राची मांडणी प्रसिद्ध केली. तीत हात, चेहरा व जीभ यांना धडापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळालेली दिसते. म्हणजे जागेचे प्रमाण अवयवाच्या आकारावर नसून त्याच्या हालचालीच्या सूक्ष्मतेवर अवलंबून असते.

विलंब व भाकीत : डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीला हालचालीने प्रतिसाद देण्यास सुमारे 0·2 सेकंद लागतात. ताशी 140 किमी. वेगाने टाकलेला क्रिकेटचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. चेंडू सतत पाहत बॅटची दिशा क्षणोक्षणी बदलणे त्यामुळे शक्य नसते. मायकेल लँड व पीटर मॅक्लाउड यांनी 2000 मध्ये दाखविल्याप्रमाणे फलंदाजाची नजर चेंडूच्या आधीच टप्प्याच्या संभाव्य जागेकडे झेपावते व तेथे चेंडूची वाट पाहते. निष्णात खेळाडूत ही झेप अधिक लवकर होते. प्रतिसादाचा वेग वाढविण्यापेक्षा भाकीत अचूक करणे, हा कौशल्याचा मोठा भाग आहे.

निमस्तिष्क : (लहान मेंदू). याचे वजन मेंदूच्या सुमारे एक दशांश असले, तरी मेंदूतील सुमारे चार पंचमांश तंत्रिका कोशिका त्यात असतात. पहिल्या महायुद्धात या भागाला गोळी लागलेल्या सैनिकांची गॉर्डन होम्स यांनी तपासणी केली. त्यांना लुळेपणा आला नव्हता. परंतु हात इष्ट वस्तूच्या पुढे जाई वा अलीकडे थांबे, आणि पूर्वी सहज होणारी हालचाल त्यांना टप्प्याटप्प्याने विचारपूर्वक करावी लागे. दृश्य एका बाजूला सरकविणारे लोलक डोळ्यांवर लावून नेम धरल्यास प्रथम नेम चुकतो, काही प्रयत्नांनंतर तो साधतो व लोलक काढल्यावर उलट बाजूला चुकतो. निमस्तिष्काला इजा झाली असता हे अनुकूलन मंदावते किंवा होतच नाही. डेव्हिड मार (1969) व जेम्स अ‍ॅल्बस (1971) यांनी या अध्ययनाची उपपत्ती मांडली. आरोही तंतूंनी आणलेला चुकीचा संकेत पुरकिंजे कोशिकांवरील समांतर तंतूंच्या संधींची कार्यक्षमता बदलतो, ही तिची आजची रूपरेषा होय. मासाओ इतो यांनी 1982 मध्ये अशा संधी दुर्बल होत असल्याचा प्रायोगिक पुरावा दिला.

आधारी गुच्छिका : प्रमस्तिष्काच्या तळाशी खोलवर असलेले हे कोशिकासमूह योग्य हालचाल निवडणे, तिचा जोम ठरविणे व सवय पक्की करणे यांत भाग घेतात. त्यांना डोपामीन पुरविणाऱ्या कोशिका नष्ट झाल्या की कंपवात (पार्किन्सन रोग) होतो व हालचाल सुरू करणेच अवघड होते. जागच्या जागी खिळलेला असा रुग्ण जमिनीवर आडव्या रेषा आखल्यास पुष्कळदा पाऊल टाकू शकतो. स्नायूंची शक्ती शाबूत असून हालचाल आतून सुरू करण्याची यंत्रणा बिघडलेली असते, हे यावरून स्पष्ट होते. डोपामीन कोशिका अपेक्षित व प्रत्यक्ष फळ यांतील फरकही दर्शवितात. त्यामुळे यशस्वी कृतीची पुनरावृत्ती होऊ लागते.

कौशल्याची स्मृती : अपस्मारावरील उपाय म्हणून 1953 मध्ये ‘एच. एम.’ या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा शंखखंडाचा आतील भाग काढण्यात आला. त्यानंतर नवे प्रसंग त्याच्या स्मरणात राहत नसत. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यात तो तीन दिवसांत तरबेज झाला, असे ब्रेंडा मिल्नर यांना आढळले. पूर्वी सराव केल्याची मात्र त्याला आठवण नव्हती. ‘काय घडले’ आणि ‘कसे करावे’ यांच्या स्मृती वेगवेगळ्या यंत्रणांवर अवलंबून असतात, हे यावरून सिद्ध झाले.

पुनर्वसन : पक्षाघातानंतर दुर्बल हाताने काम साधत नाही म्हणून रुग्ण सर्व कामे दुसऱ्या हाताने करू लागतो आणि दुर्बल हात वापराअभावी अधिकच निरुपयोगी होतो. एडवर्ड टाउब यांनी विकसित केलेल्या उपचारात चांगला हात मोजा घालून बांधून ठेवतात व दुर्बल हाताकडून भरपूर सराव करून घेतात. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन ते नऊ महिन्यांपूर्वी पक्षाघात झालेल्या रुग्णांत दोन आठवड्यांच्या अशा उपचाराने नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारणा झाली व ती वर्षभर टिकली. मनगट व बोटे थोडी तरी हलविता येणाऱ्या रुग्णांनाच हा उपचार लागू पडतो. गमावलेली हालचाल परत मिळविणे हेही एक अध्ययनच असून, त्यासाठी रुग्णाने स्वतः प्रयत्न करणे, चुकणे व ती चूक सुधारणे आवश्यक असते. हातपाय दुसऱ्याने हलविल्याने सांधे आखडत नाहीत, परंतु कौशल्य त्याने परत येत नाही.