हिंदी महासागरातील फ्रान्स : रियुनियन बेट

१ जानेवारी २००२ रोजी युरोपातील बारा देशांत युरोच्या नोटा आणि नाणी चलनात आली. या नव्या चलनातील पहिली खरेदी मात्र युरोप खंडात झाली नाही. पॅरिसमध्ये ३१ डिसेंबरची रात्र सुरू असतानाच हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर नवे वर्ष उजाडले होते. तेथील राजधानी सेंट डेनिसच्या बाजारात महापौरांनी लिची विकत घेऊन युरोचा प्रारंभ केला. पॅरिसपासून नऊ हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेले हे बेट फ्रान्सची वसाहत नाही. ते फ्रान्सचा एक जिल्हा असून युरोपीय संघाचा भाग आहे. भूगोलाने आफ्रिकेच्या आणि कायद्याने युरोपच्या असलेल्या या भूमीवरील सुमारे एक चतुर्थांश लोकांचे पूर्वज भारतातून आले, असा अंदाज आहे.

ज्वालामुखीने घडवलेली भूमी

रियुनियन मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ७०० किलोमीटरवर, तर मॉरिशसच्या नैऋत्येस सुमारे २०० किलोमीटरवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,५०० चौरस किलोमीटर आहे. समुद्रतळातून वर आलेल्या दोन ज्वालामुखींनी हे बेट घडवले आहे. त्यांपैकी पितों दे नेज हे ३,०७० मीटर उंचीचे शिखर निद्रिस्त असून संपूर्ण हिंदी महासागरातील बेटांत ते सर्वांत उंच आहे. आग्नेयेकडील पितों द ला फुर्नेज हा जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. एप्रिल २००७ मधील मोठ्या उद्रेकात त्याच्या मुख्य विवराचा तळ सुमारे ३०० मीटर खाली खचला. उद्रेक बहुधा वस्तीपासून दूर, नालाच्या आकाराच्या कड्यांनी वेढलेल्या भागात होत असल्याने जीवितहानी क्वचितच होते.

पितों दे नेजभोवती माफात, सालाझी आणि सिलाओस अशी तीन प्रचंड नैसर्गिक खोरी आहेत. माफातमध्ये आजही मोटाररस्ता नाही. तेथील वाड्यांवर पायवाटेने जावे लागते आणि जड सामान हेलिकॉप्टरने पोहोचवले जाते. मालकांच्या जाचातून पळालेल्या गुलामांनी प्रथम याच दुर्गम भागात आश्रय घेतला होता. ही शिखरे, खोरी आणि कडे यांचा युनेस्कोने २०१० मध्ये जागतिक वारशात समावेश केला. बेटाचा सुमारे ४० टक्के भाग या वारसाक्षेत्रात येतो.

उंच डोंगर आणि उष्ण समुद्र यांमुळे येथे पावसाचे जागतिक विक्रम नोंदले गेले आहेत. ७ व ८ जानेवारी १९६६ रोजी फॉक-फॉक येथे चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदलेल्या ९४४ मिलिमीटरच्या तो जवळपास दुप्पट आहे. वादळांचा धोका दरवर्षीचा असून जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘गारांस’ या चक्रीवादळांनी बेटावर बळी घेतले.

ऊस, गुलामी आणि गिरमिट

या बेटावर मूळ रहिवासी कोणीही नव्हते. सतराव्या शतकात फ्रान्सने त्यावर हक्क सांगितला आणि १६६५ पासून फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या आधिपत्याखाली कायम वसाहत सुरू झाली. ‘बूर्बों’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बेटावर प्रथम कॉफीची आणि एकोणिसाव्या शतकात उसाची लागवड वाढली. कष्ट मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. १८४१ मध्ये एदमों आल्बियुस या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने व्हॅनिलाच्या फुलाचे हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. जगभरातील व्हॅनिलाची शेती आजही याच पद्धतीने होते. आल्बियुस मात्र १८८० मध्ये दारिद्र्यातच मरण पावला.

२० डिसेंबर १८४८ रोजी येथील गुलामगिरी संपुष्टात आली आणि सुमारे ६२ हजार माणसे मुक्त झाली. हा दिवस आता बेटावर सार्वजनिक सुट्टीचा आहे. मळेवाल्यांना त्यानंतर मजुरांची चणचण भासू लागली. भारतातून करारबद्ध मजूर आणण्याचे प्रयोग १८२८ पासूनच सुरू झाले होते; आता त्यांना मोठे स्वरूप आले. पाँडिचेरी, कारिकल, मद्रास आणि कलकत्ता येथून जहाजे निघू लागली. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात १८६० मध्ये करार झाल्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानातूनही अधिकृतपणे भरती होऊ लागली. एकोणिसाव्या शतकात एक लाखाहून अधिक भारतीय या बेटावर उतरले. त्यांना वस्तीत जाण्यापूर्वी ग्रांद शालूप येथील विलगीकरण केंद्रात ठेवले जाई. मजुरांच्या हालअपेष्टांच्या तक्रारी वाढल्यावर ब्रिटिश सरकारने १८८२ मध्ये ही भरती थांबवली.

मलबार, झराब आणि इतर

बेटाची लोकसंख्या आज नऊ लाखांच्या घरात आहे. फ्रेंच जनगणनेत वंशाची नोंद होत नसल्याने समाजगटांची संख्या अंदाजानेच सांगितली जाते. दक्षिण भारतीय मजुरांच्या वंशजांना येथे ‘मलबार’ म्हणतात. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज मलबार किनाऱ्यावरचे नसून तमिळ प्रदेशातील होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारासाठी गुजरातमधून आलेल्या मुस्लिमांना ‘झराब’ हे नाव पडले. त्यांनी सेंट डेनिसमध्ये उभारलेली नूर-ए-इस्लाम मशीद १९०५ मधील आहे. यांखेरीज आफ्रिकी व मलागासी वंशाचे, चिनी आणि डोंगराळ भागातील गोरे शेतकरी असे अनेक समाज येथे असून त्यांच्यात मिश्रविवाह सर्रास होतात.

मॉरिशसमधील मराठी भाषक समाज महाराष्ट्राला परिचित आहे. तेथे भारतीय वंशाच्या लोकांनी आपल्या भाषा शाळांत आणि संस्थांत जपल्या. रियुनियनमध्ये चित्र वेगळे आहे. फ्रेंच शाळा आणि चर्च यांच्या प्रभावाखाली तमिळ भाषा घराघरांतून लुप्त झाली. अनेकांचे पहिले नाव फ्रेंच आणि आडनाव तमिळ वळणाचे असते. काही कुटुंबे चर्चमध्ये जातात आणि मंदिरातही. भाषा गेली तरी देवळे टिकली. अग्निकुंडावरून चालण्याचे व्रत, कावडी आणि सेंट आन्द्रे येथील दिवाळी महोत्सव यांना आज सर्व समाजांची गर्दी असते. रोजच्या बोलीतील क्रिओल भाषेत आणि स्वयंपाकातही भारताच्या खुणा आहेत. भाताबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या रश्शाला ‘कारी’ आणि मसाल्याला ‘मासाले’ म्हणतात.

समान हक्क, असमान जीवन

१८१० मध्ये ब्रिटिशांनी मॉरिशस आणि रियुनियन ही दोन्ही बेटे जिंकली. रियुनियन त्यांनी १८१५ मध्ये फ्रान्सला परत केले, मॉरिशस मात्र स्वतःकडे ठेवले. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाले. रियुनियनने दुसरा मार्ग पत्करला. १९ मार्च १९४६ च्या कायद्याने ते फ्रान्सचा पूर्ण जिल्हा बनले. या मागणीत डावे पक्ष आघाडीवर होते. मळेवाल्यांच्या वर्चस्वापेक्षा पॅरिसचा कायदा गरिबांना अधिक न्याय देईल, अशी त्यांची धारणा होती.

शाळा, रुग्णालये, रस्ते आणि सामाजिक सुरक्षा यांबाबत ही अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्ण झाली. तथापि समता सावकाश आली. बेटावरील किमान वेतन मुख्य भूमीइतके व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. दरम्यान १९६२ ते १९८४ या काळात दोन हजारांहून अधिक मुलांना आईवडिलांपासून दूर, फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या ग्रामीण भागांत नेऊन ठेवण्यात आले. याबाबत शासनाची नैतिक जबाबदारी फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने २०१४ मध्ये ठरावाद्वारे मान्य केली.

आजची अर्थव्यवस्था शासकीय नोकऱ्या, अनुदाने आणि सेवाक्षेत्रावर उभी आहे. लागवडीखालील निम्म्याहून अधिक जमिनीवर अजूनही ऊस आहे. परंतु साखर कारखाने ब्वा रूज आणि ल गोल हे दोनच उरले आहेत. युरोपीय संघाने २०१७ मध्ये साखरेचे कोटे रद्द केल्यापासून ही शेती सरकारी मदतीवर अधिकच विसंबून आहे. पर्यटक वर्षाला पाच लाखांच्या आसपास येतात आणि त्यांतील बहुसंख्य मुख्य भूमीतील असतात.

बहुतांश गरजेच्या वस्तू जहाजाने येतात. त्यांवर ‘ऑक्त्रॉय द मेर’ हा सागरी कर लागतो. महाराष्ट्रातील पूर्वीच्या जकातीप्रमाणेच तो नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेच्या २०२२ च्या तुलनेनुसार येथील खाद्यपदार्थ मुख्य भूमीपेक्षा ३७ टक्के महाग होते. महागाईची भरपाई म्हणून सरकारी कर्मचाऱ्यांना सुमारे ५३ टक्के वाढीव वेतन मिळते. खासगी क्षेत्रातील मजुराला आणि बेकाराला ती सवलत नाही; बाजारातला भाव मात्र सर्वांना एकच आहे. एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी दारिद्र्यरेषेखाली आहेत आणि बेकारीचे प्रमाण मुख्य भूमीच्या दुपटीहून अधिक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘पिवळ्या जाकिटां’चे आंदोलन येथे इतके तीव्र झाले की अनेक भागांत रात्रीची संचारबंदी लावावी लागली.

पुढील वाट

असे असूनही स्वातंत्र्याची मागणी येथे प्रबळ नाही. २००३ मध्ये फ्रान्सने सागरापार प्रदेशांना स्थानिक कायदे करण्याचे काही अधिकार देऊ केले, तेव्हा रियुनियनला त्यातून वगळणारी तरतूद घटनेत घालण्यात आली. ती सुचवणारे सेनेटर झां-पॉल विरापुले हे भारतीय वंशाचे होते. वेगळे अधिकार म्हणजे फ्रान्सपासून दुरावण्याची पहिली पायरी, अशी भीती त्यामागे होती. ही तरतूद असावी की नसावी, यावर बेटावर आजही मतभेद आहेत.

स्वावलंबनाचे प्रयत्नही सोपे नाहीत. वीजनिर्मितीतून कोळसा आणि खनिज तेल जवळजवळ हद्दपार झाले. परंतु त्यांच्या जागी उसाच्या चिपाडाबरोबर जाळले जाणारे लाकडी इंधन आणि वनस्पतीजन्य तेलही बहुतांशी बाहेरूनच आणले जाते. शेजाऱ्यांशी संबंध वाढवणे हा दुसरा मार्ग आहे. रियुनियनमुळेच फ्रान्सला २०२० मध्ये हिंदी महासागर किनारी देशांच्या संघटनेचे सदस्यत्व मिळाले. त्याच वर्षी भारतीय आणि फ्रेंच नौदलांनी याच बेटावरून प्रथमच संयुक्त गस्त घातली. सेंट डेनिसमध्ये भारताचा वाणिज्य दूतावासही आहे. सामरिक सहकार्याइतकाच व्यापार वाढला आणि अन्नधान्य नऊ हजार किलोमीटरवरून आणण्याऐवजी शेजारून येऊ लागले, तर रियुनियनच्या सामान्य कुटुंबाचा खर्च काहीसा हलका होऊ शकेल.