नाताळची सुट्टी आणि घरातले शेवटचे ताट
(बी. ए. द्वितीय वर्ष)

डिसेंबर महिना मध्यावर आला की हिंगोलीच्या बाजारात दोन गोष्टी एकदमच दिसू लागतात. एकीकडे बेकरीच्या काचेमागे रंगीत साखरेची फुले काढलेले केक मांडले जातात; दुसरीकडे खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका हरभऱ्याचे ढाळे, बोरे, गाजरे, वालाच्या शेंगा पाटीत घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. काचेमागच्या केकला 'नाताळचा' म्हणतात. पाटीतल्या ढाळ्याला मात्र कोणी सुट्टीचा खाऊ म्हणत नाही. खरे पाहता नाताळपासून संक्रांतीपर्यंतचे हे तीन आठवडे आपल्या मराठवाड्याच्या ताटाचे सर्वांत श्रीमंत दिवस असतात. या दिवसांत आपण काय खातो, ते का खातो, आणि घरात आधी कोण खातो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय मला सुचला त्याला कारण घडले. गेल्या सप्टेंबरात रक्ततपासणीच्या एका शिबिरात मैत्रिणींबरोबर मीही बोट पुढे केले. हिमोग्लोबिन निघाले 9.4. स्त्रियांमध्ये ते 100 मि.लि. रक्तात किमान 12 ग्रॅम असावे लागते. मला आश्चर्य वाटले, कारण आमच्या घरी उपासमार नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विचारले, "घरी तू जेवतेस केव्हा?" काय जेवतेस हे त्यांनी नंतर विचारले. त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. तो कळण्यास नाताळची सुट्टी उजाडावी लागली.

प्रथम नाताळाविषयी. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीजांत 'नाताल' म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. गोव्यातील ख्रिस्ती घरांत या सणाला नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका होतात. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण. दोदोल तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ यांचे, तर बेबिंका थरावर थर भाजून केलेली. या पदार्थांचे ताट शेजाऱ्यांकडे पाठवण्याची तेथे रीत आहे. त्या ताटाला 'कोंसुआद' म्हणतात. आपल्या बाजूला, जालना आणि नगरकडे, मराठी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल हे गाव वसवले. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण भजन आणि कीर्तन त्यांनी सोडले नाही. उलट ते ख्रिस्ती उपासनेत आणले. स्वयंपाकघरानेही तेच केले. देवळाऐवजी चर्च आले, पण करंजी, चकली, शंकरपाळे आणि अनारसे होते तेथेच राहिले.

माझी एक मैत्रीण जालन्याकडची ख्रिस्ती आहे. यंदा 25 डिसेंबरला तिने मला घरी बोलावले. मी मोठ्या कुतूहलाने गेले. माझ्या घराण्यात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तेव्हा दुसऱ्या धर्माच्या घरी सणाला जेवायला जाणारीही मीच पहिली. वाटले होते काहीतरी निराळे दिसेल. समोर आला तो आमच्या दिवाळीचाच फराळ! जेवणाच्या वेळी मैत्रिणीची आई सर्वांना वाढत होती. चार रात्री जागून तिने तो फराळ तळला होता. पाहुणे उठले, मुले उठली, मैत्रिणीचे वडील उठले, आणि मग ती माउली स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच जेवली. "मावशी, तुम्ही आमच्यासंगं का नाही बसलात?" असे मी विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, "अगं बाई, आमची सवयच आहे तशी."

परतीच्या एस. टी.त मला डॉक्टरीणबाईंचा प्रश्न आठवला. धर्म बदलला तरी करंजी राहिली, तसेच ते शेवटचे ताटही राहिले. माझ्या आईचे ताट असेच असते, आणि आईच्या जोडीला बसून मी जेवते ते माझेही.

आता काय खातो याकडे वळू. सुट्टीचा पहिला मान हुरड्याचा. रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. डिसेंबर-जानेवारीत तिचे दाणे चिकात असतात. दाणा पक्का होताना त्यातील साखरेचे पिठूळ द्रव्यात रूपांतर होत जाते. हुरड्याच्या वेळी हे काम पुरे झालेले नसते, म्हणूनच तो गोड आणि मऊ लागतो. गोवऱ्यांच्या आगटीत कणीस भाजायचे, हातावर चोळायचे, आणि शेंगदाण्याच्या वा जवसाच्या चटणीबरोबर खायचे. 'गूळभेंडी' हा हुरड्याचा वाण तर नावापासूनच गोड आहे. ज्वारीत चोथा भरपूर असल्याने पोट बराच वेळ भरलेले राहते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण 2018 मध्ये दिला, तो लोह आणि जस्त यांचे प्रमाण मुद्दाम वाढवून. म्हणजे माझ्या आजाराचे एक औषध शेजारच्या जिल्ह्यातील शेतात तयार झाले आहे!

दुसरा मान वेळ अमावास्येचा. लातूर-धाराशिवकडे तिला येळवस म्हणतात. ही मार्गशीर्षातील अमावास्या नाताळाच्या आगेमागेच येते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते भरतात. वाल, हरभरा, तूर अशा ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबिल असा बेत असतो. अंबिल म्हणजे ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले पेय. धान्यात लोह असते खरे, पण त्याला धरून ठेवणारे एक द्रव्यही त्यातच असते, त्यामुळे ते आपल्या अंगी पुरते लागत नाही. आंबवल्याने ही पकड सैल होते. आपल्या पणज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण कृती ठाऊक होती.

तिसरा आणि सर्वांत मोठा मान भोगीचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघरी वांगी, गाजर, घेवडा, वालपापडी, हरभऱ्याचे दाणे, शेंगदाणे, बोरे आणि तीळ यांची एकत्र भाजी होते; जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण आपण सर्वांनीच ऐकली आहे. ही म्हण शास्त्राच्या तराजूत घालून पाहिली तर काय दिसते? धान्याच्या प्रथिनांत लायसिन कमी असते, ते डाळी-दाण्यांत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवते. भाकरी आणि दाण्यांची भाजी एका ताटात आली की दोघांची उणीव भरून निघते. 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही नसते. 100 ग्रॅम तिळांत हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, दुधात सुमारे 120. अर्थात तीळ आपण चमचाभर खातो, दूध पेलाभर पितो, हे विसरून चालणार नाही.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. जुने ते सगळे सोने, असे म्हणून भागत नाही. धान्य-भाजीतले लोह शरीरात शिरायला 'क' जीवनसत्त्वाची मदत लागते. ते पेरूत, आवळ्यात, लिंबात विपुल असते. पण शिजवताना त्याचा मोठा भाग नष्ट होतो. तेव्हा भाजीवर वरून लिंबू पिळावे आणि जेवणानंतर एखादा पेरू खावा हे उत्तम. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा लोहाला अडवतो. आमच्याकडे भाकरी चहात बुडवून खाण्याची सवय आहे. ती मी सोडली आहे. गुळाचेही तसेच. गूळ म्हणजे औषध, अशी आपली समजूत असते, परंतु गुळाचा मोठा भाग शेवटी साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. या हिशेबात केकवरची साखर येते, तसा तीळगुळाच्या लाडवातला गूळही येतो. केक एक तुकडा खावा, लाडू एक-दोन खावेत, आणि गोड बोलायला मात्र मर्यादा ठेवू नये!

मग एवढे सुंदर ताट आपल्याजवळ असताना रक्त का कमी? एक कारण शेतात आहे. आपल्या भागात सोयाबीन, कापूस, हळद यांचा पेरा वाढला आणि ज्वारी मागे पडली. सोयाबीन घरात शिजत नाही. ते थेट मोंढ्यात जाते. रेशनवर येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. या धान्याने पोट भरले, हे उपकार मी विसरणार नाही. माझी आजी 1972 च्या दुष्काळाची आठवण सांगते. त्या वर्षी रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे; तो घशाखाली उतरत नसे, पण त्यावर माणसे जगली. भूक पाहिलेल्या आजीला पांढरा भात म्हणजे सुखाचे दिवस वाटतात, आणि ज्वारी-बाजरी म्हणजे गरिबी. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "आमी तर जल्मभर साजरं केलं, कोनी इचारलं नाही."

दुसरे कारण मात्र चुलीपाशी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशासाठी हा आकडा 57 टक्के आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला दररोज 19 मिलिग्रॅम लोह लागते, तर स्त्रीला 29. म्हणजे जिची गरज दीडपट, तिचे ताट शेवटी! भोगीची भाजी सर्वांना वाढून आमच्यापर्यंत येते तेव्हा दाणे संपलेले असतात आणि रस्सा उरलेला असतो. त्या रश्श्यात भाकरी कुस्करून आम्ही मायलेकी जेवतो. आम्हाला कोणी उपाशी ठेवले नाही. कोणी वाईट वागले नाही. फक्त जेवणाचा क्रम ठरलेला होता, आणि त्या क्रमानेच आमचे दाणे नेले.

यंदाच्या भोगीला मी वडिलांना म्हणाले, "बाबा, आज सगळे एकदाच बसू." वडील क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तुही माय बसंल का पन?" आई म्हणाली, "मंग वाढायचं कोनी?" मी भाजीचे पातेले, भाकरीचे टोपले आणि लोण्याची वाटी मध्ये आणून ठेवली. आजीने पळी हातात घेतली आणि सर्वांच्या ताटात सारखे दाणे वाढले. माझ्या ताटात एक पळी जास्तच. आई जेवताना तीनदा उठली, एकदा पाण्याला, एकदा मिठाला, एकदा उगाचच. पण परत येऊन बसली. त्या दिवशी तिच्या ताटात वांगे होते, वालाचे दाणे होते, लोणी होते.

जानेवारीअखेर मी पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन 11.2 झाले आहे. हे मुख्यतः गोळ्यांमुळे झाले. एका भोगीच्या भाजीने रक्त वाढत नाही, आणि तसे सांगणे खोटेपणाचे ठरेल. 12 अजून दूर आहे. आईने मात्र अद्याप एकदाही तपासलेले नाही, "मला काय झालंय?" असे ती म्हणते. येत्या शिबिरात तिला घेऊन येण्याचा माझा निश्चय आहे.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, परंपरा म्हणजे नुसते पदार्थ नव्हेत. पदार्थ शिजवणे ही जशी परंपरा, तसे ते वाढणे हीदेखील परंपराच. पहिली आपण जपली पाहिजे, जपण्यासारखी आहे. दुसरी मात्र बदलली पाहिजे, आणि ती बदलायला पैसा लागत नाही. पुढच्या नाताळात कोणी केक कापो, कोणी आगटी पेटवो. जेवायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहावे. तेथे कोणी उभे असेल तर तिला हाक मारावी आणि तिच्यासाठी पाट मांडावा. मैत्रिणीच्या आईलाही मी पुढच्या 25 डिसेंबरचे आताच सांगून ठेवले आहे, "मावशी, त्या दिवशी वाढायला मी."