ओढणं आणि आवरणं : घाट, गाडी आणि मागचा ट्रेलर

बदलापूरच्या नावाची एक गोष्ट आमच्या भागात लहानपणापासून कानावर पडते. घाटाकडून किंवा कोकणातून आलेले घोडेस्वार इथे थकलेले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. ही व्युत्पत्ती कागदोपत्री सिद्ध करता येईल असा माझा दावा नाही. पण ती लोकांना पटते, कारण तिच्यात प्रवासाचं एक जुनं शहाणपण आहे. ओझं तेच राहणार असेल आणि पुढची वाट अवघड असेल, तर आधी ओढणाऱ्याचा विचार करा.

मी इंजिनिअर नाही आणि इतिहासकारही नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. घाट, घाटातले रस्ते आणि घाटातली आगगाडी यांचं वाचन हा फावल्या वेळेचा नाद. त्या नादाचा घरात काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. तो झाला माझ्या ताईमुळे.

ताई बदलापूरला राहते. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि तिचं फिरणं थांबलं. कारण चालणं नव्हतं. कारण वाटेतलं स्वच्छतागृह. "मला पुढे कुठे जागा मिळेल या धास्तीनं मी सकाळपासून पाणीच पीत नाही," असं ती एकदा म्हणाली. ही अडचण तिच्या एकटीची नाही. साठीपुढच्या बहुतेक बायका प्रवासात हेच करतात. भाच्याने त्यावर उपाय काढला. घरच्या एसयूव्हीमागे जोडायचा ट्रेलर : आत दोन बिछाने, छोटा ओटा आणि मुख्य म्हणजे संडास. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे घोळत होतं. उल्हासनगरात, ज्या गावात आजही पत्ता 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असा सांगतात, तिथल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याने सांगाडा करून घेतला.

"मामा, गाडी पावणेदोनशे हॉर्सपॉवरची आहे. खेचणारच," तो म्हणाला.

रिकामा ट्रेलर जोडून त्याने बदलापूर-अंबरनाथ दोन फेऱ्या मारल्या. काही जाणवलं नाही. मग टाकी भरली, सामान चढवलं, ताईला पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही कर्जतकडे निघालो. वांगणीच्या पुढे एका लहानशा उतारावर ट्रेलर डुलू लागला. आधी हळू, मग गाडीची मागची बाजूच डावी-उजवीकडे फेकली जाऊ लागली. भाच्याने घाबरून ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंगशी झटापट केली नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण तेच बरोबर होतं. आम्ही कडेला थांबलो. ताई काही बोलली नाही. तिने फक्त दाराची मूठ बराच वेळ सोडली नाही.

त्या दिवसानंतर मी हा विषय हाती घेतला. त्यातून जे कळलं, ते पुढे मांडतो.

उलाळ

बैलगाडी भरणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. ओझं आसाच्या मागे गेलं, की गाडी उलाळते : जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसतो. ओझं फार पुढे आलं, तर सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. जाणता गाडीवान म्हणून जू किंचित दाबलेलं ठेवतो.

ट्रेलरची विद्या नेमकी हीच आहे. गाडीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक किती वजनाने टेकतं, यावर त्याची चाल ठरते. युरोपातल्या प्रथेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण पाच ते सात टक्के भार नाकावर असावा असं मानतात. अमेरिकेत दहा ते पंधरा टक्के. भार कमी पडला, तर ट्रेलर डुलतो. जास्त झाला, तर गाडीचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

आमचं काय चुकलं ते एका साध्या गणिताने उलगडलं. ट्रेलरचं नाक आसापासून तीन मीटर पुढे होतं. पाण्याची १२० लिटरची टाकी मात्र आसाच्या दीड मीटर मागे बसवली होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तरफेच्या नियमाने १२० किलोला दीडने गुणून तीनने भागलं, की ६० किलो येतात. टाकी भरताच नाकावरचा ६० किलो भार उचलला गेला. रिकाम्या ट्रेलरचा नाकभार होता ७० किलो. उरले दहा. रिकामा ट्रेलर सरळ का चालला आणि भरलेला का डुलला, याचं उत्तर एवढंच होतं. गाडी उलाळ भरली होती आणि जाणता गाडीवान सोबत नव्हता.

हा भार घरी मोजता येतो. सपाट जमिनीवर ट्रेलरच्या चाकांना अटकाव लावा, बाथरूममधला वजनकाटा नाकाखाली ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा म्हणजे नाक जोडणीच्या उंचीला येईल. काटा दाखवील तो नाकभार. टाकी भरून एकदा आणि रिकामी करून एकदा, असा दोनदा मोजावा.

ताकद आणि मर्यादा

आता हॉर्सपॉवरकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक कौटुंबिक गाड्यांच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाचा आकडा ठळकपणे मिळत नाही. पण आपल्या चाकणला तयार होणाऱ्या दोन गाड्या ऑस्ट्रेलियात विकल्या जातात आणि तिथे तो आकडा दिलेला आहे. स्कॉर्पिओ-एनसाठी ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा आहे २५०० किलो. एक्सयूव्ही ७०० साठी १५०० किलो. गंमत अशी, की तिथली एक्सयूव्ही सुमारे २०० अश्वशक्तीची आहे आणि स्कॉर्पिओ सुमारे १७५. जास्त ताकदीची गाडी एक हजार किलो कमी ओढते! मोठा फरक बांधणीत आहे. स्कॉर्पिओ वेगळ्या पोलादी चासीवर उभी आहे. दुसरीचा सांगाडा आणि बॉडी एकच. ताकद म्हणजे मर्यादा नव्हे, हे यातून कळावं. तिथला आकडा इथल्या मॉडेलला परस्पर लावूही नये. कंपनीकडून लेखी विचारून घ्यावा.

ब्रिटनमध्ये नवशिक्यांना सांगतात, की भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावा. भाच्याची गाडी १७५० किलोची. ८५ टक्के म्हणजे सुमारे १४९०. त्याचा भरलेला ट्रेलर होता १३०० किलोचा. म्हणजे या कसोटीला तो उतरला होता. घोटाळा पुढच्या दोन कसोट्यांत होता.

पहिली, गाडीची वहनक्षमता. नोंदणी प्रमाणपत्रातल्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं, तर आमच्या गाडीत ५५० किलो उरतात. पाच माणसं ३४०, सामान ११०, मागची जोडणी ३०. झाले ४८०. नाकभारही गाडीच्याच खात्यावर पडतो, हे सगळे विसरतात. १३०० किलोच्या ट्रेलरला सात टक्क्यांनी ९० किलो हवेत. बेरीज ५७०. म्हणजे ट्रेलर नीट भरला असता, तर गाडी जादा भरली असती. गाडी वाचवली असती, तर ट्रेलर डुलला असता. असा ट्रेलर त्या गाडीचा नव्हेच.

उतार

दुसरी कसोटी ब्रेकची. त्या ट्रेलरला ब्रेकच नव्हता. युरोपात ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचा आहे.

याचं महत्त्व शिकायला आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्याच मार्गावर कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, हे आपण सगळे पाहतो. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यातला सर्वांत तीव्र चढ ३७ ला १. चढताना जादा इंजिनं दिसतात म्हणून ती लक्षात राहतात. पण या घाटाची खरी काळजी उतरताना घेतली जाते. पुण्याकडून येणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते ती प्रवाशांसाठी नव्हे. ब्रेक नीट धरतात की नाही ते तपासायला. तिथे पुढचा रूळ मुख्य मार्गाला नव्हे, तर डोंगराच्या चढाकडे जाणाऱ्या बाजूच्या फाट्याला जोडून ठेवलेला असतो. गाडी थांबली, आवरली आहे असं सिद्ध झालं, तरच मुख्य मार्ग मिळतो.

आपले घाटरस्ते याहून तीव्र असतात. डोंगराळ भागात २० ला १ हा चढ नेहमीचा मानतात. माळशेज उतरताना पाचशे मीटरचा उतार धरू. भरलेली गाडी २२५० किलो आणि ट्रेलर १३०० किलो मिळून जी ऊर्जा सुटते, ती सुमारे ४.८ युनिट वीज होईल एवढी. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ अडीच तास चालवावा, इतकी उष्णता. काही हवा, टायर आणि खालच्या गिअरमधलं इंजिन घेतं; बाकीची ब्रेकमध्ये जाते. एकट्या गाडीसाठी हाच आकडा ३.१ आहे. गाडीचे ब्रेक तेवढ्याच हिशेबाने बनवलेले असतात. तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. त्यातला साधा प्रकार असा : गाडी मंदावली, की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या दाबाने नाकातला दांडा मागे सरकतो आणि ट्रेलरची चाकं धरतो.

कागदपत्रांची बाबही याच खात्यात धरावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते. 'नंतर बघू' ही आमची चूकच होती.

काट्याची चिठ्ठी

पहिला ट्रेलर भाच्याने मोडीत काढला. पैसे गेले. नवा घेताना आम्ही प्रश्न उलटा विचारला : गाडी किती ओढेल हे नव्हे, तर ताईला काय लागेल? संडास, एक नीट बिछाना, ४० लिटर पाणी. ओटा गेला, दुसरा बिछाना गेला, मोठी टाकी गेली. पाण्याची जागा आता आसाच्या बरोबर वर आहे. कागदपत्रं होऊ शकतात असाच, आणि ब्रेक असलेला ट्रेलर निवडला. ७५० किलोच्या आत ब्रेक नसला तरी चालतो, असं विकणारा म्हणाला. आम्ही घेतला. सोसायटीत तो उभा करायला जागा मिळवणं हे मात्र वेगळंच युद्ध होतं. ते इथे सांगत नाही.

निघण्याआधी औद्योगिक वसाहतीतल्या वजनकाट्यावर गेलो. टाकी भरलेली, बिछाना घातलेला, सिलिंडर बांधलेला, ताई गाडीत. आधी फक्त गाडी, मग सुटा ट्रेलर, मग सगळं जोडून. ट्रेलर ७२०. घरी मोजलेला नाकभार ५०, म्हणजे सात टक्के. गाडीवरचा सगळा भार ५३०. वीस किलो शिल्लक.

ताईने ती चिठ्ठी मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. पावसाळा सरला आहे. येत्या आठवड्यात बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड, तिथून माळशेज चढून जुन्नर. येताना घाटमाथ्यावर थांबायचं, ब्रेकवर हात धरून पाहायचा, खालचा गिअर टाकायचा आणि मगच उतरायचं, असं ठरलं आहे. निघताना ताईने पाण्याची बाटली भरून घेतली, तर मी समजेन की हिशेब जमला.