मास्तरांचे मास्तर : प्रा. दीपक फाटक

यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात, एम.आय.डी.सी. भागात इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याच रस्त्याने कामाच्या पाळीला जाणाऱ्या बापाला वाटते, आपल्या पोरानेही त्या फाटकातून आत जावे. पण आत गेल्यावर त्याला शिकवणार कोण? कॉम्प्युटर विकत मिळतो, जाणता मास्तर मिळत नाही. या अडचणीला ज्यांनी हात घातला, त्या प्रा. दीपक फाटक यांची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

१९४८ साली जन्मलेल्या फाटकांनी इंदूरला बी.ई. केले. पवईच्या आय.आय.टी.तून एम.टेक. व पीएच.डी. घेतली आणि १९७१ पासून तेथेच शिकवू लागले. त्यांच्या अभ्यासाचा एक विषय डेटाबेस, म्हणजे माहितीची कोठीच म्हणा ना! वर्धा स्टेशनच्या खिडकीवर आपण मुंबईच्या गाडीची शेवटची बर्थ मागतो. त्याच क्षणी नागपूरला दुसरा कोणी तीच मागतो. दोघांनाही तिकीट मिळाले तर डब्यात भांडण ठरलेले. म्हणून एकाचा व्यवहार पुरा होईपर्यंत त्या नोंदीला जणू कुलूप लागते, दुसऱ्याला थांबावे लागते. मध्येच वीज गेली तर अर्धवट व्यवहार पुसला जातो. बँकेतली आपली पै-पै याच शास्त्राच्या भरवशावर असते.

फाटकांचे नाव गाजले ते 'आकाश' या स्वस्त टॅबलेटमुळे. २०११ चा पहिला 'आकाश' फार संथ चाले. २०१२ च्या सुधारित टॅबलेटच्या कामात फाटकांचा पुढाकार होता. सरकारी सवलतीने तो विद्यार्थ्यांना सुमारे ११३० रुपयांत द्यायचे ठरले. पुढे तो मागेच पडला. आम्हाला त्यांचे दुसरे काम मोठे वाटते : 'दहा हजार शिक्षकांना शिकवा' ही योजना. व्याख्यान पवईत चाले, गावोगावच्या कॉलेजांतील शिक्षक जवळच्या केंद्रावर बसून ते ऐकत आणि तिथूनच शंका विचारत. एक शिक्षक तयार झाला की दरवर्षी त्याच्या हाताखालून वर्गच्या वर्ग जातो.

२०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये त्यांचा प्रोग्रामिंगचा पहिला पाठ इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला झाला.

घरी कॉम्प्युटर नाही म्हणून खंत करू नका. प्रोग्राम आधी वहीतच लिहिता येतो. आज संध्याकाळी पोरीसमोर हजेरीचे दहा आकडे ठेवा. वरून खाली एकदाच वाचून सर्वांत मोठा आकडा कसा शोधशील, ते पायरी-पायरीने लिहून दाखव, म्हणा.