घाटवळणे आणि वंगण : फेरफार केलेल्या मोटार-इंजिनाच्या तेलपुरवठ्याविषयी

मराठीतील 'वंगण' हा शब्द बैलगाडीच्या आसाशी निगडित आहे. गाडीखाली टांगलेल्या नळकांड्यातील काळे, दाट द्रव्य आसास फासावयाचे, म्हणजेच वंगण घालावयाचे. पुढे मोटारीच्या इंजिनातील तेलासही हाच शब्द लागू झाला आणि त्याबरोबर एक समजूतही चालत आली : वंगण ही फासण्याची वस्तू होय व ते जितके अधिक तितके बरे. शक्ती वाढविण्यासाठी फेरफार केलेल्या इंजिनाच्या बाबतीत ही समजूत महाग पडते. अशा इंजिनाच्या तेलपुरवठ्यातील सुधारणेस आरंभ कोठून करावा, याचा विचार महाड-पोलादपूरकडील घाटरस्ते डोळ्यांपुढे ठेवून येथे करावयाचा आहे.

चालत्या इंजिनातील क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकलेला नसतो. तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तो तरंगत असतो. 1883 साली बोशाँ टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग चालविले असता, बेअरिंगला पाडलेल्या छिद्रात बसविलेले बूच तेलाच्या दाबाने आपोआप बाहेर ढकलले जाऊ लागले. ऑस्बर्न रेनल्ड्स याने 1886 मध्ये त्याची गणिती उपपत्ती सांगितली. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीच्या आकाराच्या फटीत ओढून नेतो व तेथे दाब निर्माण करतो. तात्पर्य, आसाला उचलून धरण्याचे काम पंपाचे नव्हे. त्या फटीशी तेल अखंड पोचविणे, एवढेच पंपाचे काम. मात्र 'अखंड' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. मिनिटास 6,000 फेऱ्या घेणारे इंजिन तीन सेकंद तेलाविना राहिले, तर तेवढ्यात त्याच्या 300 फेऱ्या होऊन जातात.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास जाणारा रस्ता सुमारे 40 किलोमीटरांत तेराशे मीटरांच्या आसपास चढतो. इंजिन तेलावाचून राहते ते या चढामुळे, असे पुष्कळांस वाटते. हिशेब निराळेच सांगतो. विसास एक असा चढ घेतला तरी तेलाचा पृष्ठभाग जेमतेम तीन अंश कलतो. खरा कल येतो तो वळणावर. समजा, एका वळणाची त्रिज्या 15 मीटर आहे. ताशी 20 किलोमीटर वेगाने ते घेतल्यास तेल सुमारे 12 अंश कलते; वेग दुप्पट केल्यास बल चौपट होऊन हाच कल 40 अंशांवर जातो. साधे टायर कोरड्या रस्त्यावरही या सुमारास घसरू लागतात. म्हणजे मूळच्या गाडीत टायरांची मर्यादा हीच नकळत इंजिनाची राखण करीत असते. पकड अधिक असलेले टायर आणि ताठ स्प्रिंगा बसविल्या की ही राखण उठते. टायर बदलणारा मनुष्य आपण इंजिनाच्या तेलपुरवठ्यात हात घातला आहे, हे सहसा जाणत नाही. (असा वेग रहदारीच्या घाटात धरणे वैध नव्हे, 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 फेरफारांवरही बंधन घालते. हा विचार रीतसर परवानगीने होणाऱ्या शर्यतींच्या गाड्यांपुरता समजावा.)

इंजिनाच्या तळाशी तेल साठविणाऱ्या भांड्यास गॅरेजमध्ये 'चेंबर' म्हणतात. शब्दाने बंदिस्त खोलीचा भास होतो; प्रत्यक्षात तेथे परातीतल्या पाण्याप्रमाणे तेल हेलकावे खाते. ते एका कडेस गेले की शोषनळीचे तोंड उघडे पडून पंप हवा ओढतो. नळी एका बाजूस असल्यास डाव्या वळणांवर सुखरूप राहणारे इंजिन उजव्या वळणांवर दाब गमावते. म्हणून पहिली सुधारणा चेंबरातच करावयाची. शोषनळीभोवती आडपडदे लावून, त्यांस आतल्या बाजूसच उघडणाऱ्या झडपा ठेवल्या, तर तेल नळीकडे येऊ शकते, पण परत निसटू शकत नाही. चेंबरला खऱ्या अर्थाने खोल्या मिळतात त्या अशा. साठा वाढवावयाचा झाल्यास चेंबर खोल करण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात या घाटांत रस्त्यावर दगड येतात, आणि खाली लोंबणारे चेंबर हेच त्यांचे पहिले लक्ष्य ठरते. ते बाजूंना रुंदावणे अधिक शहाणपणाचे. स्वतंत्र टाकीची 'ड्राय सम्प' रचना सर्वोत्तम खरी, परंतु तिचा खर्च व खटाटोप शर्यतीच्या पक्क्या मार्गावरच सार्थकी लागतो.

मोठा पंप हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो. क्रमाने तो शेवटचा असावा. दर 1,000 फेऱ्यांस चौरस इंचामागे 10 पौंड दाब, हा कारागिरांचा जुना ठोकताळा अजूनही कामास येतो. त्याहून जास्त दाब दाबमोचक झडपेतून परत जातो व मागे केवळ उष्णता ठेवतो. चेंबरात चार लिटर तेल आणि पंपाची गती मिनिटास 40 लिटर धरली, तर सगळे तेल सहा सेकंदांत एकदा फिरते. 60 लिटरांचा पंप ते चार सेकंदांत फिरवील. वर गेलेले तेल मात्र आपल्या वजनानेच खाली उतरते, आणि त्याची गती पंपाबरोबर वाढत नाही. आडपडद्यांविना बसविलेला मोठा पंप चेंबर अधिक लवकर रिकामे करतो, एवढेच. बेअरिंगमधील फट मुद्दाम वाढविलेली असेल, तरच त्याचे समर्थन करता येईल.

उष्णतेची बाब याहून सरळ आहे. नेहमीच्या 15डब्ल्यू-40 तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, 40 अंश सेल्सियसला असतो त्याच्या सुमारे सातव्या हिश्श्यावर 100 अंशांना येतो, व पुढेही घटत राहतो. खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिन जोरात आणि वारा मंद, अशी स्थिती असल्याने तेल थंड करणारा रेडिएटर उपयोगी पडतो. त्याला थर्मोस्टॅट असावाच. नाहीतर पावसाळ्यात तेल पुरेसे तापत नाही व त्यातील ओल उडून जात नाही.

आणि या सर्वांआधी दाबमापक बसवावा. मूळचा तांबडा दिवा दाब चौरस इंचास पाच-सात पौंडांपर्यंत उतरल्यावर लागतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत ती केवळ मृत्युवार्ता होय. वळणागणिक काटा लवतो की नाही, हे पाहिल्यावाचून कोणती सुधारणा हवी ते ठरविता येत नाही.

आडपडद्यांची किंमतही मोजावी लागते. जुलै 2021 मध्ये सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या चेंबरात पाणी गेले, तर ते तेलाहून जड असल्याने तळाशी, नेमके शोषनळीच्या तोंडाशी, जाऊन बसते. तशा स्थितीत इंजिन चालू केल्यास बेअरिंगला प्रथम पोचते ते पाणी. साध्या चेंबराचा तळबोल्ट उघडला की तेलाआधी हे पाणी पडून जाते. आडपडद्यांच्या चेंबरात मात्र ते कोठडीकोठडीत अडून राहते, आणि चेंबर उतरवून पुसून काढल्याखेरीज निघत नाही.