विद्युत् गळपट्टा : पक्षिशिकारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात

पक्ष्यांच्या शिकारीत साहाय्य करणाऱ्या कुत्र्याने दूर अंतरावरूनही आज्ञा पाळावी म्हणून त्याच्या मानेभोवती बांधण्यात येणारे, रेडिओ संदेशाने चालणारे व सौम्य ते तीव्र विद्युत् उद्दीपन देणारे साधन. पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, स्पॅनियल व रिट्रीव्हर या जातींच्या कुत्र्यांसाठी, मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, त्याचा वापर होतो. कोवळ्या वयाच्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र हे साधन जितके उपयुक्त तितकेच घातक ठरू शकते. याचे कारण समजण्यासाठी या कुत्र्यांच्या कामाचे स्वरूप पाहावे लागते.

पॉइंटर किंवा सेटर वाऱ्यावरून येणारा गंध घेत शिकाऱ्याच्या पुढे रान पिंजून काढतो. झुडपात दबून बसलेल्या पक्ष्याचा वास लागताच तो जागच्या जागी ताठ उभा राहतो. यास रोख धरणे म्हणता येईल. शिकारी जवळ येऊन पक्षी उठवीपर्यंत, आणि पूर्ण शिकवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत पक्षी उडून बंदुकीचा बार झाल्यानंतरही, त्याने हलू नये अशी अपेक्षा असते. रोख धरण्याची प्रवृत्ती उपजत असली, तरी स्थिर राहणे शिकवावे लागते; कारण उडत्या पक्ष्यामागे धावणे हीही कुत्र्याची उपजत प्रवृत्तीच होय. अमेरिकेच्या दक्षिण भागात बॉबव्हाइट लाव्याच्या (शास्त्रीय नाव कोलायनस व्हर्जिनिॲनस) शिकारीत कुत्री शेकडो मीटर दूर जातात व शिकारी पुष्कळदा घोड्यावरून त्यांच्या मागे असतो. टेनेसी राज्यातील ग्रँड जंक्शन येथील पक्षिशिकारी कुत्र्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत (पहिली स्पर्धा १८९६) तर कुत्र्याला सलग तीन तास शोध घ्यावा लागतो. एवढ्या अंतरावर दोरी पोहोचत नाही आणि हाक ऐकू गेली, तरी ती पाळण्याची सक्ती करता येत नाही. गळपट्ट्याची निर्मिती या अडचणीतून झाली.

शिकाऱ्याच्या हातातील प्रेषक, पट्ट्यावरील ग्राही व विद्युत् घट, तसेच कातडीला टेकणारी दोन बोथट धातूची अग्रे हे या साधनाचे मुख्य भाग होत. कळ दाबताच दोन अग्रांमधील कातडीतून अत्यल्प काळाचे विद्युत् स्पंद जातात. ते क्षणमात्र किंवा सलग देता येतात. सलग उद्दीपन काही सेकंदांनंतर आपोआप बंद होण्याची सोय बहुतेक पट्ट्यांत असते. अनेक पट्ट्यांत केवळ ध्वनी वा कंपन देण्याचीही योजना असते. केस ओले झाल्यास विद्युत् रोध बराच कमी होतो, त्यामुळे एकाच पातळीचा परिणाम कोरड्या व ओल्या कुत्र्यावर सारखा होत नाही.

हे पट्टे अमेरिकेत १९६० नंतरच्या काळात प्रचारात आले. आरंभीच्या पट्ट्यांची तीव्रता एकच व जबर असे आणि हरणाच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शिक्षा करणे एवढाच त्यांचा उपयोग होता. पुढे तीव्रतेच्या अनेक पातळ्या असलेले पट्टे निघाले. या क्षेत्रातील ॲरिझोनामधील ट्रायट्रॉनिक्स ही अग्रेसर कंपनी २०११ मध्ये गार्मिन कंपनीने विकत घेतली. त्यानंतर स्थाननिश्चितीची उपग्रहाधारित सोय व विद्युत् उद्दीपन ही दोन्ही एकाच पट्ट्यात मिळू लागली. रिट्रीव्हर जातींसाठी या साधनाची क्रमबद्ध पद्धती बसविण्यात कॅलिफोर्नियातील प्रशिक्षक रेक्स कार यांचा मोठा वाटा आहे.

मानसशास्त्राच्या परिभाषेत पट्ट्याचा वापर दोन प्रकारे होतो. नको असलेल्या कृतीनंतर आघात देणे हा दंड होय. याउलट सौम्य उद्दीपन सुरू करून कुत्र्याने आज्ञा पाळताच ते थांबविणे हे ऋण प्रबलन होय. दोन्हींत निर्णायक प्रश्न एकच असतो : आघाताचे कारण काय, असे कुत्र्याला वाटते? प्रशिक्षकाच्या मनात ‘तू पुढे सरकलास’ हे कारण असते. कुत्र्याच्या नाकात मात्र त्या क्षणी पक्ष्याचा गंध भरलेला असतो. आघाताची सांगड त्या गंधाशी बसली, तर कुत्रा पक्ष्यालाच टाळू लागतो. वास लागूनही न लागल्यासारखे दाखवून तो बाजूने निघून जातो. हा दोष एकदा जडला की काढणे अत्यंत कठीण असते व पुष्कळदा चांगल्या रक्ताचा कुत्रा कायमचा निकामी होतो.

हा परिणाम किती खरा आहे, हे न्यूझीलंडमधील एका उपक्रमावरून दिसते. तेथे किवी या न उडणाऱ्या पक्ष्याला कुत्र्यांपासून मोठा धोका आहे. म्हणून शिकाऱ्यांच्या कुत्र्यांना किवी टाळण्याचे शिक्षण देतात : वाटेवर मृत किवी, पिसे व विष्ठा ठेवून कुत्र्याने ती हुंगताच पट्ट्यातून आघात देण्यात येतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात खुळखुळ्या सापाबाबत हेच करतात. किवीच्या रक्षणासाठी जे मुद्दाम घडवून आणले जाते, तेच लाव्याच्या शिकारीसाठी पाळलेल्या पिलाच्या बाबतीत उतावळ्या धन्याकडून नकळत घडते.

यामुळे जाणते प्रशिक्षक पट्टा उशिरा आणि पक्ष्यांपासून दूर वापरावयास आरंभ करतात. पिलाचे पहिले काही महिने रानात मोकळे हिंडण्यात, पक्ष्यांची ओळख होण्यात व बंदुकीच्या आवाजाची हळूहळू सवय लागण्यात जातात. या काळात ते पक्ष्यामागे धावले तरी त्याला अडवीत नाहीत. पक्ष्याची ओढ आधी पक्की व्हावी, शिस्त मागाहून येते. नंतर लांब दोरीच्या साहाय्याने जवळ येणे, बरोबर चालणे व थांबणे या आज्ञा शिकवितात. साधारणपणे सहा महिन्यांच्या वयापूर्वी पट्ट्याचा विचार करीत नाहीत आणि वयापेक्षाही पिलाच्या धिटाईकडे अधिक लक्ष देतात. भित्र्या पिलाला तो कित्येकदा मुळीच लावू नये, हे उत्तम.

प्रथम काही दिवस पट्टा बंद स्थितीतच बांधतात. तसे न केल्यास पट्टा असताना आज्ञाधारक व नसताना बेफिकीर असा लबाड कुत्रा तयार होतो. त्यानंतर अगदी खालच्या पातळीपासून सुरुवात करून कान हलणे, मान वळणे अशी किंचित प्रतिक्रिया दिसेल ती पातळी निश्चित करतात. कुत्रा ओरडला, तर ती पातळी जास्त झाली असे समजावे. हे उद्दीपन दोरीच्या परिचित हिसक्याबरोबर देऊन आज्ञा पाळताच थांबवितात. अशा रीतीने पट्टा नवे काही शिकवीत नाही. दोरीने शिकविलेलेच दुरून आठवून देतो. थांबण्याची आज्ञा पक्क्या झाल्यावरच पक्षी आणले जातात. त्या वेळीही स्थिर राहण्याचा धडा शक्यतो पक्ष्याकडूनच देवविला जातो : कबुतर यांत्रिक पिंजऱ्यात लपवून ठेवतात आणि कुत्र्याने पुढे झेप घेताच ते सोडून देतात. पुढे सरकल्यास पक्षी हातचा जातो, हे त्याला न दुखावता कळते. रोख धरून उभ्या असलेल्या कुत्र्याला कोणत्याही कारणाने आघात देऊ नये, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. पट्टा दीर्घकाळ एकाच जागी घट्ट राहिल्यास अग्रांखाली जखमा होतात, म्हणून तो रोज काढून मान तपासावी लागते.

प्राण्यांच्या कल्याणाच्या दृष्टीने या साधनावर तीव्र आक्षेप घेण्यात आले आहेत. शाल्के व सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मनीतील प्रयोगात चौदा बीगल कुत्र्यांचे तीन गट केले होते. नकली भक्ष्याला तोंड लावताच नेमका आघात मिळालेल्या गटात कॉर्टिसॉल या ताणदर्शक हॉर्मोनाची लक्षणीय वाढ आढळली नाही. परंतु परत येण्याची आज्ञा न पाळल्याबद्दल किंवा अनियमितपणे आघात मिळालेल्या गटांत ती आढळली. श्कील्डर व व्हान डर बोर्ग यांच्या २००४ मधील अभ्यासात, आघात मिळालेली रक्षक कुत्री पुढे केवळ मालकाच्या उपस्थितीतही दबून वागताना दिसली. ब्रिटनमधील २०१४ च्या एका अभ्यासात पट्टा वापरलेल्या कुत्र्यांत ताणाची चिन्हे अधिक, पण फलनिष्पत्ती बक्षिसाच्या पद्धतीहून सरस नाही, असे दिसून आले. हा अभ्यास पाळीव कुत्र्यांचा होता, शिकारी कुत्र्यांचा नव्हे, अशी हरकत पट्ट्याचे पुरस्कर्ते घेतात. तीत तथ्य असले, तरी नवख्या माणसाच्या हातून आघाताची वेळ नेमकी साधेल याची खात्री ते देऊ शकत नाहीत.

वेल्समध्ये २०१० पासून या पट्ट्यांच्या वापरावर बंदी आहे. जर्मनीत तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००६ मध्ये असा वापर प्राणिसंरक्षण कायद्याच्या विरुद्ध ठरविला. अमेरिकेत देशव्यापी बंदी नाही. भारतात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी पाणलावे, तित्तिर व लावे यांच्या शिकारीसाठी पॉइंटर, सेटर व स्पॅनियल आणले होते; तथापि वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे वन्य पक्ष्यांची शिकार येथे बंद झाली. महाराष्ट्रातील कारवानी कुत्रा शिकारी असला, तरी तो गंधावर नव्हे तर नजरेवर भक्ष्याचा पाठलाग करणारा असल्यामुळे या गटात मोडत नाही.