अंडी तेवढीच, मग कबुतरंच का वाढली?

कबुतर एका विणीत 2 अंडी घालतं. वर्षात सहा विणी धरल्या तर 12. चिमणीची एका विणीत साधारण 4 अंडी, विणी तीन. म्हणजे तीही 12. शिवाय चिमणीचं अंडं 11 ते 14 दिवसांत उबतं, कबुतराचं 18 दिवस घेतं. नुसत्या हिशेबाने मुंबईत करी रोडला चिमण्यांची चलती हवी होती. पण एसीच्या डब्यामागे, डक्टमध्ये, बाथरूमच्या खिडकीवर घूं-घूं चालते ती कबुतरांचीच.

फरक पडतो तो अंडं फुटल्यावर. चिमणी स्वतः दाणे खाते, पिल्लांना मात्र किडे-अळ्या भरवते. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरांत तिने त्या कुठून आणाव्यात? कबुतर पिल्लाचं खाणं अंगातच बनवतं. अंडं फुटायच्या सुमारास त्याच्या गळ्यातल्या अन्नपिशवीचं अस्तर जाड होतं, पेशी सुटतात आणि पनीरच्या चुऱ्यासारखा पिवळट लगदा तयार होतो. हे कबुतराचं दूध. पाणी वगळलं तर त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं, सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश. बाळंतिणीला दूध आणणारं प्रोलॅक्टिन इथेही तेच काम करतं, आणि नराच्या गळ्यातही! पहिले तीन-चार दिवस पिल्लू आई-बापाच्या चोचीत चोच खुपसून एवढंच खातं, मग हळूहळू दाणे मिसळतात. ते महिन्याभरात उडतं. तोवर मादी पुढच्या अंड्यांवर बसलेलीही असते.

असं दूध पक्ष्यांत फार थोड्यांना. शिवडीच्या खाडीत येणारे फ्लेमिंगो त्यांतले. पण इथे ते चरायला येतात, वीण कच्छच्या रणात.

कबुतर मूळचं कड्याकपारींतलं, त्यामुळे चाळीसाव्या मजल्यावरचा छज्जा त्याला परका नाही. आपण जाळी बसवली की ते शेजाऱ्याकडे जातं, एवढंच. दूध बनतं ते दाण्यांतून, आणि दाणे आपण टाकतो. दादरचा कबुतरखाना करी रोडहून जेमतेम तीन किलोमीटर. ताशी 60 किलोमीटरने उडणाऱ्याला तीन मिनिटं. 2025च्या ऑगस्टमध्ये पालिकेने तो ताडपत्रीने झाकला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण खरा मुद्दा दाण्यांचाच आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे 1 लाख कबुतरं मारली, तरी संख्या 20 हजारांच्या आसपासच राहिली. 1988 पासून दाणे टाकू नका म्हणून लोकांना समजावलं, तेव्हा चार-पाच वर्षांत थवे निम्म्यावर आले.